एका नंबरावर दोघं

टेस्ट पुन्हा लाल झाली तेव्हा समाधान जिन्याजवळच्या पॅसेजमध्ये उभा राहून पाणी पीत होता. टेबलावर भरलेली बाटली असली तरी पाणी प्यायला तो बाहेर जायचा. सुवर्णाचं डायलिसिस चालू होतं तेव्हा तिला दिवसभराचं पाणी मोजून मिळे. ओठ कोरडे पडलेल्या बायकोसमोर घटाघटा पाणी प्यायचं त्याला जमेना, म्हणून तो गॅलरीत जाऊन पिऊन यायचा. ती गेली त्याला आता वर्ष होत आलं होतं. सवय तेवढी राहिली. ऑफिसात त्याबद्दल कोणी विचारत नव्हतं.

"सर, या आत! तुमची लाडकी रुसली परत," सायलीनं हाक मारली.

समाधान तोंड पुसत आत आला. स्क्रीनवर हिरव्या ओळींच्या मधोमध एक लाल ओळ होती. कालही तीच होती. परवा नव्हती.

"थांबा, परत चालवते." सायलीनं बटण दाबलं. थोड्या वेळानं सगळ्या ओळी हिरव्या झाल्या. "झालं. बघा, लाडात आली होती नुसती."

"नाही झालं," समाधान म्हणाला. "काही न बदलता लाल होते आणि काही न बदलता हिरवी होते. मग झालं काय?"

"सर्व्हर स्लो असेल. नेट स्लो असेल. मंगळ वक्री असेल. काय पण असू शकतं, सर."

कॉलेज रोडच्या मागच्या गल्लीत, एका कोचिंग क्लासच्या वरच्या मजल्यावर दिनेशची ही छोटी सॉफ्टवेअर कंपनी होती. दिनेश मालक, सायली प्रोग्राम लिहिणारी आणि समाधान ते तपासणारा. आणखी दोघं-तिघं होते, ते दुसऱ्या कामावर. हे काम एका ट्रस्टच्या डायलिसिस सेंटरचं होतं. तिथं मशीन कमी आणि पेशंट जास्त. त्यामुळे पुढची पाळी घ्यायला पेशंटच्या माणसाला दर वेळी खिडकीवर उभं राहावं लागे. आता पाळी मोबाइलवरून मिळणार होती. सोमवारपासून खिडकी बंद, अशी पाटी ट्रस्टनं लावूनही टाकली होती.

समाधानची टेस्ट म्हणजे पेशंटचं सोंग घेणारा प्रोग्राम. तो स्वतःच ॲप उघडायचा, नाव टाकायचा, मोबाइल नंबर टाकायचा, पाळी निवडायचा, मेसेजमधून आलेला ओटीपी भरायचा. मग शेजारी नर्सची स्क्रीन उघडून तिथं ते नाव दिसतंय का बघायचा. दिसलं तर हिरवं, नाही तर लाल. अशा बऱ्याच टेस्ट होत्या आणि वेळ वाचावा म्हणून त्या एकदम चालत. जी अधूनमधून लाल व्हायची तिची तक्रार दर वेळी एकच असे. सगळं पार पडलं, पाळी पक्की झाली असं पेशंटला सांगितलं, आणि नर्सच्या स्क्रीनवर त्याचं नाव नाही.

दुपारी समाधानला सेटिंगमध्ये एक नवीन ओळ दिसली. टेस्ट लाल झाली तर आपोआप आणखी दोनदा चालवायची, आणि त्यात एकदा जरी हिरवी आली तरी पास धरायची. त्यानं ती ओळ काढून टाकली. थोड्याच वेळात दिनेश त्याच्या टेबलापाशी आला.

"ती ओळ कोणी काढली?"

"मी."

"सायलीला मीच घालायला सांगितली होती. सगळे घालतात रे. मोठमोठ्या कंपन्या घालतात."

"घालू देत. पेशंट एकदाच येतो, दिनेश. तिनातून एकदा पाळी मिळते, म्हणजे आमचं ॲप पास, असं त्याला सांगणार का?"

दिनेशनं खुर्ची ओढली. दोघं पॉलिटेक्निकला एका बाकावर होते, त्यामुळे मालक-नोकराचं बोलणं त्यांच्यात कधी नव्हतं. "हे बघ. हे काम तुला द्यायचं की नाही याचा मी विचार केला होता. तूच म्हणालास, मला हेच दे."

"हो."

"मग आता मला सांग, तू टेस्ट बघतोयस की..." दिनेशनं वाक्य तिथंच सोडलं.

"सुवर्णाला बघतोय? असेल. पण ही लाल ओळ सुवर्णाची नाही. आपली आहे."

दिनेश खुर्चीत मागं रेलला. समाधानला मात्र तो दिवस आठवला. एकदा याच सेंटरच्या खिडकीवरच्या माणसाच्या हातून सुवर्णाचं नाव राहून गेलं होतं. मशीन भरलेली, उद्या या म्हणाले. तरी त्यांचं घर पंचवटीत, रिक्षानं थोड्याच अंतरावर. संध्याकाळपर्यंत तिचे पाय सुजून चपलेत मावेनात. आडवं झालं की धाप लागे, म्हणून ती भिंतीला उशी लावून बसून राहिली. पेठहून, सुरगाण्याहून येणारे एसटीनं यायचे. त्यांना परत पाठवलं तर ते कुठं जाणार? आणि आता त्यांना परत पाठवणारं तिथं कोणी माणूस नसणार. असणार त्यानं आणि सायलीनं केलेलं ॲप.

"उद्या संध्याकाळपर्यंत शोध," दिनेश उठत म्हणाला. "नाही सापडलं तर ती ओळ परत येणार. ट्रस्टला मी सोमवार सांगून बसलोय."

दुसऱ्या दिवशी सकाळपासून समाधान त्या एकाच टेस्टच्या मागं लागला. चालवायची, बघायची, पुन्हा चालवायची. लाल झालेल्या वेळचं रेकॉर्डिंग तो संथ करून पाहायचा. कुठं काही अडत नव्हतं. ओटीपी मागितला की क्षणात यायचा. फारच पटकन.

हा ओटीपी खरा नव्हता. टेस्ट चालवताना दर वेळी खऱ्या फोनवरच्या मेसेजची वाट कोण बघणार? म्हणून ऑफिसात मेसेज पाठवणारं एक खोटं यंत्र करून ठेवलं होतं. त्याचं बारसं सायलीनं केलं होतं. ती आजोबांच्या दशक्रियेला रामकुंडावर जाऊन आली होती. पिंडाला कावळा काही शिवेना. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून शिववला आणि सगळे जेवायला घरी गेले. "आपलं पण तेच," ती तेव्हा म्हणाली होती, "खऱ्याची वाट बघत बसायचं नाही." तेव्हापासून त्या यंत्राला सगळे दर्भाचा कावळा म्हणत. सुवर्णाचा दहावा झाला आणि समाधान कामावर परत आला, तेव्हापासून ते नाव ऑफिसातून नाहीसं झालं. 'तो खोटा मेसेजवाला' असं म्हणू लागले. समाधानला ते कळलं होतं, पण तोही गप्प राहिला होता.

"सायली," तो आता म्हणाला, "आपला कावळा फार वेळेवर येतो."

सायलीचे हात कीबोर्डवर थांबले. पलीकडे दिनेशनं मान वर केली.

"दर्भाचा कावळा गं. तूच नाव ठेवलंस ना? मागितला की शिवला. खरा मेसेज असा येतो का? पेठच्या डोंगरात तर येता येता येतो. याला आपण उशीर करायला लावू. कधी थोडा, कधी बराच."

"करते," सायली हळूच म्हणाली. मग जरा वेळानं, तिच्या नेहमीच्या आवाजात, "पण जेवणाच्या आत आला पाहिजे हं, सर. मला भूक लागलीये."

समाधान हसला. दिनेशही हसला आणि घाईनं लॅपटॉपमध्ये बघू लागला.

कावळा उशिरा येऊ लागला तशी ती टेस्ट जवळजवळ दर वेळी लाल व्हायला लागली. एवढंच नाही, कधी ती लाल व्हायची तर कधी तिच्या शेजारची. दोघी एकदम कधीच नाही. समाधाननं हे सायलीला दाखवलं. तिनं दोन्ही टेस्ट शेजारी शेजारी उघडल्या, वरून खाली वाचल्या, आणि टाळी वाजवली.

"सर, सापडलं. आणि चूक तुमची आहे."

"दाखव."

"हा नंबर बघा. आणि हा बघा."

दोन्हीकडे एकच मोबाइल नंबर होता. दुसरी टेस्ट समाधाननं पहिलीवरून उतरवली होती. नाव बदललं, पाळी बदलली, नंबर बदलायचा राहिला.

"दोघी एकदम पळतात, एकाच नंबरावर," सायली म्हणाली. "पहिली पाळी घेते. तिचं नाव नर्सकडे आलं की नाही हे ती बघायला जाईपर्यंत दुसरी त्याच नंबरावर स्वतःचं नाव टाकते. मग पहिली तिथं कशी दिसणार? ॲप बिचारं बरोबर आहे. पेशंटच तुम्ही जुळे जन्माला घातलेत."

"चूक माझीच," समाधान म्हणाला.

"नुसतं म्हणून नाही चालणार. आज पाववडे तुमच्याकडून. दिनेश सर, ऐकलं ना?"

समाधाननं पाववडे मागवले. मग बसून सगळ्या टेस्ट नीट केल्या. प्रत्येक टेस्टनं आपला नंबर स्वतः तयार करायचा, आपलं नाव स्वतः ठेवायचं, दुसरीच्या कशालाही हात लावायचा नाही आणि जाताना आपला पसारा आवरून जायचं. उशिरा येणारा कावळा त्यानं तसाच ठेवला. सगळ्या टेस्ट दुपारभर पुन्हा पुन्हा चालवल्या. एकही लाल नाही.

"शाब्बास," दिनेश म्हणाला. "उद्या सेंटरवर जाऊन पेशंटांची नावं भरून दे, आणि सोमवारी चालू करू. घरी जा आता."

शनिवारी सकाळी समाधान सेंटरवर गेला. सुवर्णा गेल्यानंतर तो तिथं पहिल्यांदाच जात होता. बाहेर गाडी लावून तो थोडा वेळ हँडल धरून तसाच उभा राहिला. मग आत गेला. सिस्टर सुमनबाई तिथं होत्याच. त्यांनी सुवर्णाचं नाव काढलं नाही. "या, समाधानभाऊ. चहा सांगते," एवढंच म्हणाल्या. खुर्ची मात्र त्यांनी अशी फिरवून दिली की काचेमागची ती कडेची कॉट त्याच्या पाठीमागं गेली.

तो लॅपटॉप उघडून बसला. एकेक पेशंट किंवा त्याचं माणूस येऊन नाव-नंबर सांगू लागलं. समोर टेबलावर सुमनबाईंची स्क्रीन होती. नाव भरलं की तिकडे उमटत होतं. पाच-सहा जणांचं झालं आणि एक वाळक्या अंगाची, कासोटा घातलेली बाई पुढं येऊन बसली.

"नाव?"

"सावळीराम."

"तुमचं नाव?"

"माझं कशाला? मी कुठं आजारी हाय? मी भागुबाई. आत पडलाय तो सावळीराम."

"नवऱ्याचं नाव लगेच घेतलंत की, मावशी," सुमनबाई म्हणाल्या.

"पयले नव्हते घेत. पन तुमच्या खिडकीवर घिऊन घिऊन सवय झाली. आता तर शिव्याबी नावानंच देते."

बाकावरचे सगळे हसले. समाधाननं नाव लिहिलं. "मोबाइल नंबर सांगा."

"धोंडीरामचा लिवा. पी.पी."

समाधाननं हा शब्द कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. तो लहान असताना लग्नपत्रिकेवर शेजाऱ्याचा फोन नंबर छापत आणि पुढं पी.पी. लिहीत. त्या नंबरावर फोन करायचा आणि त्यांनी हाक मारून बोलवायचं. आता ज्याच्या त्याच्या खिशात फोन आहे म्हटल्यावर हे सगळं गेलं, असं तो धरून चालला होता.

"तुमच्या घरी मोबाइल नाही का?"

"हाय ना. पोरं खेळत्यात त्याच्यावर. पन आमच्या पाड्यावर रेंज नाय. धोंडीरामचं दुकान वर टेकाडाला हाय, तिथं लागते. त्याला सांगावा आला का तो जाणाऱ्या-येणाऱ्याजवळ आमच्याकं धाडतो."

तिला नंबर तोंडपाठ होता. समाधाननं भरला. धोंडीरामनं फोनवरून ओटीपी सांगितला. सुमनबाईंच्या स्क्रीनवर सावळीरामचं नाव आलं. मंगळवारची सकाळची पाळी.

"आता माझं करा, दादा," भागुबाईच्या शेजारची म्हातारी म्हणाली. "मी कुसाबाई. ह्यांच्या पल्याडच्या पाड्यावरची. मी सोताच पेशंट."

"नंबर?"

"त्योच. धोंडीरामचा."

समाधानची बोटं थांबली. काय होणार हे त्याला दिसलं होतं. त्यानं कुसाबाईचं नाव लिहिलं, तोच नंबर घातला, मंगळवारची दुपारची पाळी निवडली, धोंडीरामला पुन्हा फोन करून ओटीपी घेतला, आणि मुद्दाम शेवटचं बटण दाबलं. ॲपनं सांगितलं, तुमची पाळी पक्की झाली.

"सिस्टर, तुमच्याकडे कोण दिसतंय?"

"कुसाबाई आल्या." सुमनबाई स्क्रीनकडे वाकल्या. "अहो, पण सावळीराम कुठं गेले?"

"गेला म्हंजे?" भागुबाई ताडकन उठली. काचेला नाक लावून तिनं आत बघितलं. "पडलाय ना तिथं! काय बाई बोलता!"

"तिथं आहेत, मावशी," समाधान म्हणाला. "इथं नाहीत."

"मंग इथंबी घाला. मंगळवारी आमी यायचं का नाय?"

"यायचं," समाधान म्हणाला. "घालतो."

सावळीराम आणि कुसाबाई या दोघांच्या पाळ्या त्यानं सुमनबाईंकडून हातानं लिहून घेतल्या. मग बाकावरच्या सगळ्यांना विचारत गेला. चांदवडचे एक नवरा-बायको होते, दोघंही पेशंट, आणि दोघांचा मिळून पुण्यातल्या मुलाचा एकच नंबर. देवळाली कॅम्पातली एक बाई शेजारणीचा नंबर द्यायची, आणि शेजारणीच्या सासऱ्यांचीही पाळी इथंच असे. कोणाला यात काही वावगं वाटत नव्हतं. ज्याचा फोन लागतो त्याचा नंबर द्यायचा, यात काय चुकलं?

गाडीवरून परत येताना समाधानला स्वतःचाच राग येत होता. टेस्ट खोटं बोलत नव्हती. नंबर सारखा राहिला ही त्याची चूक होती खरी, पण त्या चुकीत तो नकळत तेच करून बसला होता जे ही माणसं रोज करतात. टेस्ट दिवसेंदिवस ओरडून सांगत होती की एका नंबरावर दोघं आले की एकाचं नाव जातं. आणि त्यानं काय केलं? नंबर वेगळे करून तिचं तोंड बंद केलं. वर पाववडे वाटले.

ऑफिसात सायली होती. तिला काही न सांगता तो टेबलाशी बसला आणि नवीन टेस्ट लिहायला घेतली. पहिल्या टेस्ट लाल व्हायच्या त्या योगायोगानं, दोघी एकमेकींत अडकल्या तरच. तसं आता नको होतं. त्यानं सगळं एका रांगेत लावलं. आधी सावळीरामनं पाळी घ्यायची. ती पूर्ण झाली की त्याच नंबरावर कुसाबाईनं घ्यायची. मग नर्सची स्क्रीन उघडून दोघांची नावं बघायची. नशिबावर काही सोडलं नाही.

चालवली. लाल. पुन्हा चालवली. लाल. कावळा लवकर पाठवला, उशिरा पाठवला. लालच.

"हे काय?" सायली मागं येऊन उभी राहिली. "परत एक नंबर? कालच तर..."

"सेंटरवर बघून आलोय. तिथं असंच आहे." त्यानं सगळं सांगितलं.

सायली ऐकता ऐकता खाली बसली. "मी नंबरालाच पेशंट धरलंय, सर. एक नंबर म्हणजे एक माणूस. सगळीकडे. मला वाटलं, आता मोबाइल सगळ्यांकडे असतो."

"असतो. रेंज नसते. मलाही कुठं माहीत होतं? किती वेळ लागेल?"

"पायापासून उकरावं लागेल. सोमवार विसरा."

दिनेशला बोलावून घेतलं. तो आला तो उभ्यानंच बोलायला लागला. "असे किती असतील? पाच? दहा? सोमवारी चालू करू, त्यांचं सुमनबाई हातानं लिहितील, आणि मागून दुरुस्त करू."

"कोण कोणाच्या नंबरावर आहे ते सुमनबाईंना कसं कळणार? ॲप दोघांनाही पाळी पक्की म्हणून सांगतं. नाव गेलं हे पेशंट दारात आल्यावर कळणार."

"समाधान, ट्रस्टच्या दारात दुसरी कंपनी उभीच आहे. आपण तारीख चुकवली तर काम जाईल."

"जाईल कदाचित."

"कदाचित म्हणे!"

"ऐक," समाधान म्हणाला. त्यानं आवाज चढवला नाही. "ही टेस्ट मी यादीत घातलीये. ती लाल असेपर्यंत ॲप पुढं सरकत नाही. तुला चालू करायचंच असेल तर ती बंद कर. मालक आहेस. पण स्वतःच्या हातानं कर. मी करणार नाही आणि या पोरीलाही सांगायचं नाही."

सायली जमिनीकडे बघत बसली. दिनेशनं समाधानची खुर्ची ओढली, तिच्यावर बसला आणि माउस हातात घेतला. समाधानला वाटलं, संपलं, आता हा बंद करणार. दिनेशनं टेस्ट चालवली. स्क्रीनवर ॲप आपोआप उघडलं. एकेक अक्षर करत सावळीराम हे नाव उमटलं. पाळी पक्की झाली. मग कुसाबाई. पाळी पक्की झाली. मग नर्सची स्क्रीन आली. तिथं कुसाबाई एकटीच होती.

दिनेशनं ती पुन्हा चालवली. पुन्हा तसंच. सावळीरामच्या 'पाळी पक्की' वर त्यानं ते थांबवलं आणि नुसता बघत राहिला.

"याला पक्की म्हणून सांगितलं आपण," तो म्हणाला.

"हो."

"आणि हा एसटीत बसून येणार."

"पेठहून. दोन घाट चढून."

दिनेशनं माउस सोडला, खिशातून फोन काढला आणि पॅसेजमध्ये गेला. दार लोटलेलं असूनही त्याचा 'हो साहेब, बरोबर आहे साहेब' आत ऐकू येत होता. बऱ्याच वेळानं तो आला. कपाळ पुसत म्हणाला, "खिडकी चालू राहील. आपलं होईपर्यंत. त्यांनी मला जे जे ऐकवलं ते मी तुला नंतर निवांत ऐकवणार आहे. सायली, लाग कामाला."

पुढच्या आठवड्यात सायलीनं नंबर आणि माणूस वेगळे केले. एका ठिकाणी सोडवलं की दुसरीकडे गुंता व्हायचा. ती वैतागायची, कीबोर्ड आपटायची, 'रेंज आणा म्हणावं आधी' असं म्हणायची, आणि पुन्हा बसायची. समाधान तिच्या शेजारी बसून सेंटरवर ऐकलेल्या एकेका घराची टेस्ट लिहीत होता. नवरा-बायको एका नंबरावर. एक बाई आणि तिच्या शेजारणीचा सासरा. एकाच नंबरावर एकाच नावाचे दोघं. "असं कुठं असतं?" सायलीनं विचारलं. "सुमनबाईंना विचार," तो म्हणाला. तिनं खरंच फोन करून विचारलं, आणि फोन ठेवून निमूट कामाला लागली.

एका दुपारी सगळ्या ओळी हिरव्या झाल्या. सायली खुर्चीसकट गोल फिरली. "झालं! सर, झालं!"

"आता मोड," समाधान म्हणाला.

"काय मोडू?"

"तू दुरुस्त केलंस त्यातलं एक ठिकाण पहिल्यासारखं कर. हिरवं दिसतंय ते चाललंय म्हणून हिरवं आहे की टेस्ट आंधळी आहे म्हणून, ते कळू दे."

"तुम्हाला ना, कशाचंच सुख नाही," सायली पुटपुटली. पण तिनं मोडलं. सावळीरामची टेस्ट लाल झाली. दुसरं ठिकाण मोडलं, नवरा-बायकोची लाल झाली. एकेक करून तिनं सगळं मोडून दाखवलं आणि परत जोडलं. परत सगळं हिरवं झालं तेव्हा समाधान म्हणाला, "दिनेशला सांग, पाठव."

त्यापुढच्या सोमवारी ॲप चालू झालं. समाधान सकाळपासून फोन समोर ठेवून बसला होता. ॲपवर मदतीसाठी त्यानं स्वतःचाच नंबर दिला होता. सुमनबाईंचा पहिला फोन आला. सगळी नावं दिसतायत. सावळीराम उद्या सकाळी, कुसाबाई उद्या दुपारी, दोघंही आहेत. दिनेशनं पेढे आणायला माणूस पाठवला.

दुपारी दुसरा फोन आला. मागं टेम्पोचा आणि कोंबड्यांचा आवाज होता.

"हॅलो, ते डायलिसिसवालं हाय का? मी धोंडीराम बोलतो. दुकानावरून."

"बोला धोंडीरामभाऊ. मी समाधान."

"माझ्या फोनवर दोन मेसेज आलेत. एक म्हणतोय उद्या सकाळी पाळी पक्की, दुसरा म्हणतोय उद्या दुपारी. पन कुनाची ते लिवलं नाय. आता भागुबाईला कुठला सांगू आन् कुसाबाईला कुठला?"

समाधान उठून उभा राहिला. मेसेजमध्ये नाव नव्हतं. त्याच्या सगळ्या टेस्ट नर्सच्या स्क्रीनपाशी संपत होत्या. पुढं मेसेज जातो, तो कोणीतरी वाचतो, आणि टेकाडावरून खाली कोणाच्या तरी जवळ निरोप पाठवतो, इथपर्यंत कोणी गेलंच नव्हतं.

"सकाळची सावळीरामची, दुपारची कुसाबाईची," तो म्हणाला. "भाऊ, निरोप आता जाईल का खाली? सकाळी त्यांना पहिली गाडी धरावी लागेल."

"आता जाईल. दिवसाउजेडी मान्सं जात्यात तिकडं. अंधार पडल्यावर मेसेज आला तर मंग नाय. थांबा." धोंडीरामनं फोन न ठेवताच हाक मारली, "ए गोजराबाई! पाड्यावर चाललीस ना? भागुबाईला सांग, उद्या सकाळी. सकाळी म्हनावं! आन् कुसाबाईला दुपारी. उलटं नको सांगू!"

लांबून एका बाईचा आवाज आला. "येवढी येडी हाय का मी?"

"सांगितलं बघा," धोंडीराम म्हणाला. "पुढच्या खेपेला नाव टाका तेवढं."

"टाकतो. आणि मेसेज दिवसा पाठवतो."

फोन ठेवून समाधान लॅपटॉपसमोर बसला. दिनेश पेढ्यांचा बॉक्स उघडून टेबलाशी आला, त्याचा चेहरा बघून बॉक्स हातातच धरून उभा राहिला. समाधाननं दोन नव्या टेस्टची नावं लिहिली. मेसेजमध्ये पेशंटचं नाव असतं. सकाळच्या पाळीचा मेसेज आदल्या दिवशी उजेडातच जातो. मग आतला मजकूर लिहिला आणि दोन्ही चालवल्या. दोन्ही लाल झाल्या, आणि तशा त्या व्हायलाच हव्या होत्या.

"सायली," तो खुर्ची पुढं ओढत म्हणाला, "ये. उद्याच्या आत हे करायचंय."